मोहाखालची हाक

आपल्याच आईची परीक्षा घ्यायची दुर्बुद्धी मले कुठून झाली, देव जाणे. मी नागपूरले पीएचडी करते. वय वाढलं का आठवण काऊन कमी होते, हा माहा विषय. मोहर्लीच्या आसपासच्या गावांत काम सुरू करायच्या आधी जरा सराव करावा म्हणून गावी आल्यावर आईले ओट्यावर बसवलं आणि मोबाईलवर रेकॉर्ड केलेले शब्द ऐकवले. सगळ्यायले एकाच आवाजात ऐकू यावेत म्हणून ते रेकॉर्ड केलेले असतात. त्याआधी कान तपासायचा असतो, पण म्हणलं, घरच्या माणसाचं काय तपासायचं.

"सांग आता, कोणते शब्द होते?"

आई हसली. "विसरली बाई मी."

परत ऐकवले. परत "विसरली." साठीचीही नाई अजून ती, आणि एक शब्द धरून ठेवता येत नाई? नागपुरात दुसऱ्यायच्या घरी असे निकाल मी शांतपणे लिहून घेते. त्या दिवशी मी वही मिटून ठेवली.

खरी धास्ती वेगळीच होती. मोहफुलायचे दिवस होते. आई रोज पहाटे बायांसंग जंगलात फुलं वेचायले जाते, आणि आमच्या जंगलात वाघ काही पाहुणा नाई. ही रस्ता विसरली तर? म्हणलं, "उद्यापासून नको जाऊ." ती म्हणे, "तू तुही परीक्षा सांभाळ." मग मीच तिच्या मागं निघाली.

जंगलात ती सरळ आपल्या मोहाखाली गेली. पायवाट कुठी वळते, कोणत्या झाडाचं फूल उशिरा गळते, सगळं तिले ठाऊक. माहा जीव भांड्यात पडला.

आमच्या बायायची एक रीत आहे. वाकून वेचताना वाघाले माणूस माणसासारखा दिसत नाई, म्हणून थोड्या थोड्या वेळानं बायायची म्होरकी सत्यशीलाबाई एकेकीचं नाव घेऊन हाक मारते आणि जिचं नाव ती ओ देते. ओ नाई आली का बाकीच्या टोपल्या टाकून तिकडं धावतात. जिले हाक ऐकू येत नाई, तिले सोबत नेतच नाईत. बुधरीबाई मागच्या साली तशीच घरी बसली. आताही पहाटे दारात येऊन बायायले जाताना पाहत राह्यते.

"साधना," आईच्या नावाची हाक आली. आई वेचतच होती. शेजारच्या झाडाखालून रंभाकाकू ओरडली, "आहे वो, इथीच आहे."

मी आईच्या पाठीमागून म्हणलं, "आई." मग जोरात म्हणलं. तिनं मान वर केली नाई. समोर जाऊन उभी राह्यली तेव्हा दचकली.

"तुले ऐकू येत नाई?"

तिनं आधी माह्या ओठायकडं पाह्यलं, मग टोपलीकडं. "रंभाले माईत आहे. तू कागदावर विसरते असंच लिव. विसरणारीले बाया हात धरून नेतात. बहिरीले नेत नाईत."

समोरच्याचे ओठ पाहून बोलत होती ती, मोबाईलले ओठ कुठं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आठवण शाबूत आहे म्हणून आनंद व्हायले पाह्यजे होता. मले राग आला आणि रडूही आलं.

"नागपूरले चल, मशीन लावू कानाले."

"मशीन सगळ्यायले दिसते."

"अन् मागून वाघ आला तर?"

"वाघ येताना कानवालीले तरी ऐकू येते का?"

सत्यशीलाबाईले सांगूनच टाकते म्हणून मी वळली. तेवढ्यात तिचीच हाक आली, "साधना." रंभाकाकू वेचत वेचत दूर निघून गेली होती. कोणी उत्तर दिलं नाई. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा बाईचा आवाज कापत होता. आई माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. हाक आली का, एवढंच तिले विचारायचं होतं.

मी होकाराची मान हलवली.

आईनं खणखणीत ओ दिली आणि परत वाकली. दुसऱ्या दिवशी मले नागपूरले परत जायचं होतं. त्या सकाळपुरती तरी मी तिच्या पाठीशी, झाडीकडं तोंड करून उभी राह्यली.