मैनाबाईंच्या नावाचं मशीन

पेंटर श्यामने मशीनच्या पांढऱ्या अंगावर निळ्या रंगात ‘कै.’ काढलं आणि ब्रश हवेतच धरून ठेवला, कारण वारलेल्या बायकोच्या नावाने ते दान द्यायला आलेल्या खुशालराव गावंडे यांनी मशीनच्या डोक्यावर थाप मारली होती आणि थरथरत्या वस्तूवर अक्षर उमटत नाही.

“कोणाले खरं नाही वाटणार,” खुशालराव म्हणाले, “पण या मशीनची हवा खाऊन आमच्या घरचा पोपट भजन म्हणाले लागला. मैनाबाईच्या खाटेवर पिंजरा टांगला होता. काही दिवसांतच पठ्ठ्या तालात डोलून राहिला. नका मानू खरं. मीबी पयले मानलं नव्हतं.”

किशोर हसला. अमरावतीतलं हे एका खोलीचं केंद्र तोच चालवायचा. आजारपणात लागणारं सामान इथून फुकट न्यायचं आणि गरज संपली की परत आणून द्यायचं. गरज कशी संपली, हे इथे कोणी विचारत नसे. दात्याच्या विनोदाला किती हसायचं, हे किशोरला इतक्या वर्षांत नेमकं कळलं होतं. खोलीभर खाटा, कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर कोणाचं ना कोणाचं नाव होतं. कमोडच्या खुर्चीवर ‘चि. अंकुरच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त’ असं लिहिलेलं होतं. अंकुरला ते वाचता येईल तोवर खुर्ची टिकेल, अशी तिची बांधणी भक्कम होती.

रागिणी मात्र हसली नाही. फुलांचं दुकान तसंच उघडं टाकून ती आली होती आणि बाकाच्या कडेला टेकून मशीनकडे पाहत होती. हवेतला प्राणवायू वेगळा काढून नळीतून देणारं ते मशीन तिला नवऱ्यासाठी हवं होतं. जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीत भगवंतच्या छातीचं व्हायचं ते झालं होतं. घरी भाड्याचं मशीन होतं, ते मालकाने सकाळीच उचलून नेलं. त्याला अकोल्याचं चांगलं गिऱ्हाईक मिळालं होतं. आता भगवंत शेजाऱ्यांनी धावपळ करून आणलेल्या लहानशा सिलिंडरवर होता. केंद्रातली बाकी सगळी मशीनं लोकांकडे गेलेली. हे एकच आज आलं होतं आणि किशोरने ते तिला कबूल केलं होतं. फक्त नाव लिहून व्हायचं होतं.

“भाऊ, नेऊ का मी आता?” तिने किशोरला विचारलं. “नाव मंग घरी येऊन लिवा.”

खुशालरावांनी मान वळवली.

“तुह्या घरी येऊन? मंग दान कोणाचं, माह्यं का तुह्यं?”

“तसं नाही काकाजी. त्याइचा सिलिंडर सरत आला.”

“सरू दे ना. सिलिंडर दुसरा भेटते. नाव एकदाच लिवल्या जाते.”

किशोर तिच्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, “ऐकून घ्या ताई. दाते हायेत. नाराज झाले तर गाडीत टाकून परत नेतील. मागं एकाले सत्काराची शाल हलकी वाटली, तर त्यानं दिलेली खाट परत नेली. वरचा पेशंट उतरवून.”

रागिणीने हातातल्या फोनवर वेळ पाहिली.

श्यामने फडक्याने ब्रशचं टोक पुसलं. “भाऊ, जागा पुरत नाही. तुमचं नाव मोठं पाह्यजे म्हणता, तं वरती काकूंचं कसं बसवू?”

“बारीक लिव. तशीबी शेवटी बारीकच झाली होती ते.”

योगेश मोठ्याने हसला. खुशालरावांचा हा पुतण्या त्यांना मोर्शीकडून गाडीत घेऊन आला होता आणि आल्यापासून मोबाइल समोर धरून सगळ्याचा व्हिडिओ काढत होता. मोठेबाबांचं वाक्य संपलं की हसायचं, ही त्याची सवय गाडीच्या ब्रेकसारखी झालेली; पाय आपोआप जायचा.

“अकोल्याचा मोठा डॉक्टर,” खुशालराव मोबाइलकडे तोंड करून सांगू लागले, “मले म्हणे, खुशालराव, हे बाई आता पाहुणी हाये. मी म्हटलं, डॉक्टर, पाहुणीले आमच्या घरून कवा जाऊ द्याचं ते आमी ठरवत असतो. तिथूनच उठलो. दुकानदाराच्या पुढ्यात जाऊन उभा राह्यलो. म्हटलं, सगळ्यात भारी कोणतं? तो म्हणे, हे तं दवाखान्यातबी नाही. म्हटलं, म्हणूनच दे. चार वर्षं झाले त्या गोष्टीले. चार वर्षं हे मशीन रात्रंदिवस तिच्या उशाशी चाललं. बंद म्हणून नाही.”

“अन् लाइन गेल्यावर?” श्यामने विचारलं. त्याचा ‘मै’ आत्ता कुठे होत होता.

“हां! आता कसं विचारलं!” खुशालरावांनी मांडी थोपटली. “आमच्याकडची लाइन म्हणजे रुसलेला जावई. गेला तं कवा येईन भरवसा नाही. मंग मी काय केलं, विहिरीवरचं इंजिन उचलून आणलं अन् लावलं खाटेजवळ. एकाच इंजिनवर इकडं संत्र्याले पाणी, तिकडं मैनाबाईले हवा. त्या साली संत्रं कसं धरलं म्हणता! एकेक नारळायेवढं. व्यापारी आला, फळ हातात घेतलं अन् ढसाढसा रडला. म्हणे, खुशालराव, हे तोडू कसं, याले तं जीव हाये.”

सगळे हसले. इंजिनाच्या धुरात दम्याच्या बाईचं काय झालं असेल, हे कोणी विचारलं नाही. गोष्ट रंगात आली होती.

रागिणीचा फोन वाजला. शेजारची दीपमाला होती.

“वहिनी, सिलिंडरचा काटा लालमंधी गेला. दादा आता बोलत नाहीत, बोटानं दाखवून राह्यले. निंगाल्या का तुमी?”

“त्याइच्या कानाले लाव फोन.”

पलीकडून शब्द आला नाही. नुसता आवाज येत होता, कोणी ओलं कापड हळूहळू फाडत असल्यासारखा.

“आली मी,” रागिणी म्हणाली. “मशीन भेटलं. निंगालीच.”

ती उठून मशीनपाशी गेली. खुशालरावांनी काठी आडवी धरली.

“हात नको लावू. ओला रंग हाये.”

“काकाजी, त्याइले बोलता येऊन नाही राह्यलं.”

“तं कोणतं भाषण द्याचं हाये त्याले? बस. मैनाबाईबी असंच करे. श्वास नाही भेटत, श्वास नाही भेटत. अन् जिवंत तं राह्यली ना? आजारी माणसाले सवय होते तसं म्हणाची. रातची खोकली का आख्खा मोहल्ला जागा. शेवटी मी तिची खाट गोठ्याकडं हालवली.”

या वेळी योगेश हसला नाही. त्याने मोबाइलची काच शर्टाला पुसली.

खुशालरावांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. “म्हणजे मोकळी हवा भेटते तिकडं,” ते म्हणाले. “मशीनबी होतंच संगं. म्हशी दीडपट दूध देत त्या हवेनं.”

“हो ना,” किशोर म्हणाला आणि घड्याळाकडे पाहिलं.

श्यामने मैनाबाई संपवली. ती खरोखरच बारीक झाली होती. तिच्याखाली ‘खुशालराव गावंडे यांजकडून’ हे शब्द पंगतीला ऐसपैस बसल्यासारखे पसरत गेले. खुशालराव चष्मा वर सरकवून ते पाहत राहिले.

“काल तेरवी झाली,” ते म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता. “लोकं बामणाले गादी देतात, छत्री देतात, जोडे देतात. इथं दिलं का तिकडं गेलेल्याले पोचते म्हणतात. मी म्हटलं, आपण मशीनच देऊ.”

मग खुशालरावांनी घसा साफ केला.

“जोड्याचं काय करन ते? घर सोडून गेली कुठं होती कधी!”

किशोर नेमका तेवढा हसला.

नाव पुरं झालं. खुशालरावांनी रागिणीला मशीनशेजारी उभं केलं, पदर डोक्यावरून घ्यायला लावला आणि काय म्हणायचं ते सांगितलं. योगेशने मोबाइल धरला.

“मैनाबाई काकूनं चार वर्षं वापरलेलं मशीन मले भेटलं,” रागिणी म्हणाली. “त्याइचा उरलेला श्वास माह्या मालकाले भेटला. खुशालराव काकाजीचे उपकार...”

“जरा रडल्यासारखं बोल ना बाई. तुह्याच नवऱ्याचं हाये.”

तिने परत म्हटलं. या वेळी रडू आपोआप आलं आणि खुशालराव खूश झाले.

“आता चालू करून दाखव, किशोर. पब्लिकले दिसलं पाह्यजे.”

किशोरने बाटलीत पाणी भरलं, पिन लावली, बटण दाबलं. मशीन घरघरलं, अडखळलं आणि कर्कश किंचाळू लागलं. समोर लाल दिवा पेटला. किशोरने बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

खुशालराव एक पाऊल मागे सरले. पण तोंड बंद ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“पाह्यलं का? मैनाबाई हाये ते! तिले ही बाई पसंद नाही. माह्या हातानं कसं मुकाट्यानं चाले! राहू दे, किशोर. योगेश, उचल. मोर्शीच्या दवाखान्यात देऊन टाकू. तिथं स्टेज घालून कार्यक्रम करतो म्हणतात.”

“काकाजी, ते तसं नका करू,” किशोर म्हणाला.

योगेश वाकला. त्याच्या आधी रागिणी मशीनच्या मागे गुडघ्यांवर बसली होती.

“एक डाव मले पाहू द्या,” ती म्हणाली. “आमचंबी असंच ओरडे. धूळ अडकली का हवा आत घेत नाही.”

तिने मागची जाळी नखांनी उचकटली आणि आत हात घातला. घरच्या मशीनची गाळणी ती दर आठवड्याला धूत असे. हाताला जागा पाठ होती. गाळणी बाहेर आली आणि रागिणीचा हात थांबला. गाळणी दोन्ही बाजूंनी चिकटवलेल्या पारदर्शक पिशवीत होती, कारखान्यातून निघाली तशीच. धुळीचा एक कण तिच्यावर नव्हता.

तिने किशोरकडे पाहिलं. किशोरनेही पिशवी पाहिली होती. तो वळून कुबड्या सरळ करू लागला.

रागिणीने पिशवी दातांनी फाडली, मुठीत चुरगाळली, गाळणी पुन्हा बसवली आणि बटण दाबलं. मशीनने एक लांब श्वास आत ओढला, सोडला, परत ओढला. दिवा हिरवा झाला. तिने नळीचं टोक गालाशी नेलं.

“ओळखलं! ओळखलं तिनं!” खुशालराव ओरडले. “म्हटलं नव्हतं? मैनाबाई रुसे अशीच, पण घडीभरच!”

रागिणीने पिन काढली, वायर गुंडाळली. बाहेर ऑटो उभा होता. योगेश आणि श्याम यांनी मशीन उचलून मागच्या सीटवर ठेवलं, ती शेजारी बसली आणि एक हात त्याच्याभोवती घट्ट टाकला. ओला निळा रंग तिच्या दंडाला लागला.

“चाल भाऊ,” ती ऑटोवाल्याला म्हणाली.

“थांब, थांब!” खुशालराव काठी टेकत पायरीवरून खाली आले. “जाताजाताचा एक व्हिडिओ पाह्यजे. योगेश, घे इकडून. बाई, सांग सगळ्याइले. शेवटच्या दिवशी मैनाबाईनं माह्या हातावर हात ठेवला अन् म्हणे, धनी, चार वर्षं तुमी मले या मशीनवर जगवलं, आता कोण्या गरिबाले द्या. हे सांग. माणसं रडली पाह्यजे.”

ऑटो सुरू झाला होता. योगेशने मोबाइल वर केला, पण तो मोबाइलमध्ये पाहत नव्हता. रागिणीने मूठ उघडली आणि चुरगळलेली पिशवी मोबाइलसमोर धरली.

“काकाजी,” ती म्हणाली, “ही पिशवी फाडल्याबिगर हे मशीन चालतच नाही. मी आत्ता फाडली. काकूले हे कधी लावलंच नव्हतं.”