जागेवर न जाता केलेलं ध्यान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझ्या पाठीला निळं कापड आहे, अंगावर ढगाळ नक्षीचा रंगीत अबरी कागद आहे आणि पोटात एका निवृत्त गिरदावराचा श्वास आहे. श्वासाचं वजन फार नसतं. तरी सध्या मी एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली आहे आणि ते टेबल स्थिर ठेवते आहे. चित्त स्थिर ठेवण्यापेक्षा हे काम सोपं आहे, असं मी अनुभवानं सांगते.

माझा जन्म शहागंजातला. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. कमरोद्दीन नावाचे एक बाइंडर तिथं दुकान चालवत. छापखान्यातून उरलेले कागद ते मधोमध दुमडायचे, सुईदोऱ्यानं शिवायचे, खळ लावायचे आणि शिकंज्यात दाबून ठेवायचे. शिकंज्यात दबण्याचा अनुभव सुखाचा नसतो. पण त्याशिवाय वही सरळ होत नाही. माणसांचं कसं करतात, मला माहीत नाही.

मला घेऊन गेले ते बद्रीनाथराव. ते उर्दूत नोकरीला लागले, मधे पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि ते मराठीत निवृत्त झाले. गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून पिकांची, झाडांची, बांधांची पाहणी करणारा अंमलदार. कुठल्या तहसिलीत, ते विचारू नका. बद्रीनाथरावांची पाहणी फार नावाजलेली होती. ऊन असो, चिखल असो, त्यांचा अहवाल वेळेच्या आधी यायचा. कधी कधी तर ते स्वतः त्या गावी पोचायच्याही आधी.

त्यांना एकच खोड होती. राग. आणि तो राग एकाच माणसावर यायचा, कारण घरात दुसरं माणूस नव्हतं. त्यांची बायको साळूबाई. पाहुणे जमले की बद्रीनाथराव आपल्या नोकरीतला एक पराक्रम रंगवून सांगत, आणि साळूबाई मधेच दुरुस्ती करत. मग पाहुण्यांदेखत असा आवाज चढायचा की पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे. एके दिवशी साळूबाईंनी पिशवी भरली आणि त्या फुलंब्रीला भावाकडे निघून गेल्या. जाताना दारात म्हणाल्या, "बोलले की वरडता. मग मी बोलायचंच नाय, तर इथं राहू कशाला?"

घर शांत झालं. बद्रीनाथरावांना ती शांतता सोसवेना. कुणीतरी त्यांना ध्यानाच्या वर्गाला नेलं. वर्ग घेणाऱ्या बाईंनी सांगितलं की पहाटे बसायचं, श्वास बघायचा आणि उठल्यावर जे घडलं ते वहीत लिहायचं. खरं लिहायचं, त्यात भर घालायची नाही. वही म्हटल्यावर बद्रीनाथरावांच्या अंगात उत्साह आला. ध्यानातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण नोंदीतलं सगळं कळत होतं.

मला विकताना कमरोद्दीन एवढंच म्हणाले, "कागज अच्छा है, गिरदावरसाब. इसपे झूठ लिखे तो बी साफ दिखता."

माझ्यावरची पहिली नोंद अशी होती: "पहाटे ध्यानास आरंभ केला. मौजे चित्त येथे सर्वत्र शांतता आढळून आली. विशेष प्रकार नाही." मला फार अभिमान वाटला. आपला मालक साधुपुरुष आहे असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मला प्रत्यक्ष ध्यान बघायला मिळालं. साहेब आसनावर बसले, डोळे मिटले, आणि दूधवाल्याची सायकल वाजताच एक डोळा उघडून, पाणी किती घातलंस, म्हणून आतूनच ओरडले. मग उठले आणि माझ्यात लिहिलं, "शांतता कायम."

पुढं पुढं बसणंही कमी झालं. आठवड्याच्या सुरुवातीलाच ते चष्मा पुसून बसत आणि सबंध आठवड्याचं ध्यान एका बैठकीत लिहून काढत. अंगात मुरलेली सवय होती हो. गावाला न जाता पाहणी होत असेल, तर आसनावर न बसता ध्यान का होऊ नये?

एका बुधवारी त्यांनी मला टॉवेलात गुंडाळलं आणि फुलंब्रीची एसटी धरली. माणूस सुधारल्याचा लेखी पुरावा घेऊन ते बायकोला आणायला निघाले होते. साळूबाईंचा भाऊ कारभारी, त्यानं दाजींना लिंबाखालच्या बाजेवर बसवलं, पाणी दिलं. साळूबाई आल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, बोट ठेवून सावकाश वाचायच्या. त्यांनी मला सावकाश वाचलं. मित्रांनो, आपल्याला कुणी सावकाश वाचावं, ही प्रत्येक वहीची इच्छा असते. माझी त्या दिवशी नव्हती.

"आज बुधवार ना?" साळूबाईंनी विचारलं.

"बुधवार," साहेब म्हणाले.

"मग शनिवारी तुमचं चित्त शांत हुतं, हे तुम्हाला आजच कसं कळलं?"

कारभारीला एकदम खोकला आला आणि तो गोठ्याकडं निघून गेला. साहेबांचा आवाज चढला. सुधारल्याचा पुरावा मांडीवर असताना तो चढला, आणि लिंबावरचे कावळे उडाले. साळूबाईंनी मला मिटून त्यांच्या हातात दिलं. म्हणाल्या, "वही राहू द्या. दिवाळी झाल्यावर मी येते. तुम्ही पराक्रम सांगाल, मी मधी बोलंन. तवा आवाज चढला नाय तर पिशवी आत नेईन. चढला तर कारभारी संगं असंलच."

परतीच्या एसटीत साहेब मला मांडीवर धरून बसले होते. थेट शहागंजात उतरून त्यांनी मला कमरोद्दीनच्या पुढ्यात टाकलं आणि सांगितलं, लिहिलेली पानं काढून टाका.

कमरोद्दीननी मला उघडलं, शिवण दाखवली. कागद दुमडून शिवलेला असतो. पुढचं पान फाडलं की त्याच कागदाचा मागचा कोरा अर्धा भाग सुटतो. म्हणजे खोटं फाडलं, तर खऱ्यासाठी जागा उरत नाही. "नक्को फाडो," ते म्हणाले. "सब जुड़ा हुआ है."

त्या संध्याकाळी साहेबांनी माझ्यावर एक शेरा मारला. नोकरीत त्यांनी असंख्य शेरे मारले असतील, पण हा लिहिताना त्यांचा हात थांबत होता: "वरील नोंदी जागेवर न जाता केल्या आहेत." आणि खाली पूर्ण सही केली.

दुसऱ्या दिवसापासून माझं खरं काम सुरू झालं. पहाटे ते बसत. उठून एकच ओळ लिहीत, कारण खरं फार लांब होत नाही. "बसलो. गुडघा दुखला." "श्वास सापडला नाही. शेजारच्याचा रेडिओ सापडला." "आज राग आला नाही, कारण आज कुणी भेटलं नाही." एकदा ताप आला होता. तरी भिंतीला टेकून बसले आणि वाकड्या अक्षरात लिहिलं, "ताप आहे. बसलो." आळसाच्या दिवशीही पान रिकामं सोडलं नाही. त्या दिवशी लिहिलं, "बसलो नाही. सबब शोधली. सापडली." कधीकाळी अहवाल लवकर पाठवण्याचा हट्ट होता, आता खरं लिहिण्याचा हट्ट होता. हट्ट तोच, फक्त त्याला नीट काम लागलं होतं.

मग एका ओळीवर ते बराच वेळ पेन धरून बसले: "राग येण्याआधी कान तापतात. हे आयुष्यात पहिल्यांदा दिसले."

दिवाळी झाली. साळूबाई आल्या, सोबत कारभारी. पिशवी दाराशीच ठेवली, आत नेली नाही. कमरोद्दीनही दौलताबादची सीताफळं घेऊन आले होते. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग कारभारीनं अगदी साळसूदपणे म्हटलं, "दाजी, ते नदीचं सांगा की. घोड्याचं."

हा साहेबांचा सगळ्यात मोठा पराक्रम. नदीला पूर आलेला, पलीकडची आमराई मोजायची होती. साहेबांनी घोडं पाण्यात घातलं. पाणी घोड्याच्या गळ्याला लागलं. साहेब सांगता सांगता बसल्या जागी उंच व्हायला लागले.

"घोडं नव्हतं," साळूबाई म्हणाल्या.

मी कोनाड्यात होते. तिथून मला साहेबांचे कान दिसत होते. ते आधी गुलाबी झाले, मग लाल. कारभारीनं पिशवीकडं बघितलं. कमरोद्दीन सीताफळ न्याहाळू लागले. साहेबांनी हात लांब करून मला घेतलं आणि सगळ्यांदेखत लिहिलं, "कान तापले." मग डोळे मिटून नुसते बसून राहिले. श्वास आत गेला, बाहेर आला. मी त्याची साक्षीदार आहे. या वेळी ते जागेवर होते.

"बरं," ते हळू म्हणाले, "मग काय होतं?"

"काय बी नव्हतं. तुम्ही घरीच हुता. नदीला पूर म्हणून गेलाच नव्हता. इथंच बसून झाडं लिवली. अन् मी भजी तळत हुते."

साहेबांनी कपाळ खाजवलं. बराच विचार केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते त्या आमराईच्या पाहणीला खरोखर निघाले असावेत.

"ओव्याच्या पानांची," ते म्हणाले.

"व्हय."

"लई चांगली झाली हुती."

साळूबाई उठल्या, पदर खोचला आणि पिशवी उचलून आत गेल्या. साहेबांनी माझ्यावर त्या दिवसाची उरलेली ओळ लिहिली: "घोडे नव्हते. भजी होती. पाहणी समक्ष केली."

मित्रांनो, पुढं मी भरले. माझ्यामागून दुसऱ्या वह्या आल्या, त्याही भरल्या, आणि मी टेबलाखाली आले. कधीतरी झाडताना मला ओढून धूळ पुसलीत तर बरं वाटेल, पण टेबल डुगडुगेल, तेव्हा राहू द्या. मागणं दुसरंच आहे. तुम्हीही रोज थोडा वेळ गप्प बसा आणि मग जे झालं ते लिहा. अक्षर वाकडं असलं तरी चालेल, ओळ एकच असली तरी चालेल, नुसतं "बसलो नाही" असं लिहिलं तरीही वही रागावत नाही. फक्त उद्याचं पान उद्यापर्यंत कोरं राहू द्या. तिथं अजून कुणी गेलेलं नाही.