फळ्यामागची चिठ्ठी

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, बाळंतपणाच्या दवाखान्यातला. शाळेतल्या फळ्यांचं बरं असतं. मोठी झालेली माणसं त्यांची आठवण काढून डोळे पुसतात. माझी आठवण कोणी काढत नाही. सध्या मी अडगळीच्या खोलीत जमिनीवर आडवा पडलो आहे आणि रंगारी माझ्यावर डबे मांडून रंग कालवतो. जन्मतःच माझ्या तोंडाला काळं फासलं होतं, आता त्यावर पिवळं लागलं आहे. प्रगती म्हणायची ती एवढीच.

मित्रांनो, मला घडवणाऱ्या सुतारानेही मला मनापासून घडवलं नाही. त्याला दवाखान्याचं औषधांचं कपाट करायचं होतं. ते झाल्यावर जे प्लायवुड उरलं त्याचा मी झालो. रंगाचे दोन हात द्यायचे तिथे त्याने एकच दिला, म्हणून माझ्या उजव्या कोपऱ्यात खडू किंचाळतो. मला टांगलं ती व्हरांड्याची भिंत मधोमध फुगलेली होती. त्यामुळे माझ्या पाठीत आणि भिंतीत दोन बोटांची फट राहिली. त्या फटीत पाली राहिल्या, कोळी राहिले, आणि पुढे आणखी एक गोष्ट राहिली. तिच्याचसाठी तर मी तोंड उघडलं आहे.

माझ्या डाव्या हाताला केसपेपरची खिडकी होती आणि समोर बायकांच्या मोठ्या खोलीचं दार. दार उघडं असलं की मला पाच नंबरची खाट दिसे. पहिली काही वर्षं माझ्यावर 'तपासणी सकाळी दहा ते एक', 'चपला बाहेर काढा', 'एका पेशंटजवळ एकच नातेवाईक' असं काहीबाही लिहिलेलं असे. लोक ते वाचत आणि कपाळाला आठ्या घालत. कोणाच्या तरी कपाळावर रोज आठ्या पाडणं, हेच माझं काम होतं.

मग खिडकीवर ताई आल्या. सगळे त्यांना केसपेपर ताई म्हणत. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आवाज बारीक, अक्षर मात्र टपोरं. त्यांच्या पिशवीत डब्याखाली कायम चार-पाच पाकिटं असत. त्या कविता लिहीत, मासिकांना पाठवत, आणि मासिकं त्या परत पाठवत. प्रत्येक पाकिटात एक छापील चिठ्ठी असे, 'साभार परत'. सफाई करणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "अहो ताई, आभार मानतायत म्हणजे आवडलंच असेल की!" ताई हसल्या आणि पाकीट पुन्हा डब्याखाली गेलं.

एके दिवशी मोठे डॉक्टर बाहेरगावी गेले होते, म्हणून मी कोरा होतो. बाकावर बसलेली एक अवघडलेली बाई म्हणाली, "आज फळ्यावर काहीच नाही? बसून बसून काय भिंतीचे पोपडे मोजायचे?" ताई खडू घेऊन बाहेर आल्या. क्षणभर थांबल्या आणि लिहिलं, 'आज फक्त दुपारपर्यंतचा विचार करा. संध्याकाळचं संध्याकाळी बघू.' ती बाई वाचून हसली आणि पाय लांब करून बसली.

त्या दिवसापासून ताई रोज एक ओळ लिहू लागल्या. वेळापत्रक वर, ओळ खाली. कुठल्या पुस्तकातून उतरवलेली नव्हे, स्वतःची. 'रडायचं असेल तर खिडकीजवळचा बाक रिकामा आहे.' 'देवाकडे मागणं मोठं असेल तर आधी पाणी प्या.' एकदा तर लिहिलं, 'देव उशिरा येतो म्हणतात. आपले डॉक्टरही उशिरा येतात. वाट बघायला हा बाक दोघांसाठी पुरेल.' मोठ्या डॉक्टरांनी ते वाचलं. हसले नाहीत, पुसायलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पाच मिनिटं लवकर आले.

मी खोटं बोलणार नाही, मला तेव्हा गर्व झाला होता. लोक दारातून आत आले की आधी माझ्याकडे बघत. मला वाटायचं, ही सगळी माझीच करामत. पण माझ्या पोटात काही राहत नाही. रोज सकाळी फडकं फिरलं की आदल्या दिवशीची शहाणी ओळ मावशींच्या बादलीत जायची.

अशात पाच नंबरच्या खाटेवर एक मुलगी आली. तिची दोन बाळं जन्माआधीच गेली होती. हे तिसरं. डॉक्टरांनी तिला हलायचं नाही असं बजावून खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या होत्या. पाय वर, डोकं खाली, आणि नजरेसमोर मी. नवरा रविवारी येई, सासूबाई रोज डबा घेऊन येत. बाकी वेळ ती होती आणि मी होतो.

चौथ्या दिवशी तिने मावशींच्या हाती ताईंना चिठ्ठी पाठवली. 'कालची ओळ खोटी आहे. संध्याकाळीसुद्धा बरं वाटलं नाही.' ताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मला वाटलं, रागावतील. त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्यावर लिहिलं, 'कालची ओळ पाच नंबरने नापास केली आहे. आजची तपासा.' आणि खाली नवी ओळ. दुपारी चिठ्ठी आली, 'काठावर पास.'

मग हे रोजचंच झालं. ताई लिहायच्या, पाच नंबर निकाल लावायची. पुढे ती स्वतःही ओळी पाठवू लागली. एक दिवस ताईंनी तिची ओळ जशीच्या तशी माझ्यावर उतरवली. 'आत कोणीतरी लाथा मारतंय. लाथा खाऊन आनंद व्हायची ही माझी पहिलीच वेळ.' आख्खा व्हरांडा हसला. सिस्टर मोठ्याने म्हणाल्या, "हे कोणाचं डोकं?" पाच नंबरने तोंडावर चादर ओढून घेतली. चादर हलत होती. ती हसत होती.

ताई एकदा तिच्या उशाशी बसून म्हणाल्या, "मला प्रार्थना करता येत नाही गं. डोळे मिटले की उद्याची कामं दिसतात. खडू हातात घेतला की मात्र वाटतं, कोणीतरी ऐकतंय."

"मी ऐकते की," पाच नंबर म्हणाली.

आता ऐका, सगळं बिघडलं कसं.

एका सकाळी, ताई अजून यायच्या होत्या, तेव्हा पाच नंबर उठून बसली. तिने चादर बघितली. मीही बघितली. चादरीवर लाल डाग होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, चादर घडी घालून पायाखाली दडवली आणि आडवी झाली. सिस्टरने विचारलं, "काही त्रास?" तिने मान हलवून नाही म्हटलं. बोललं की ते खरं होईल, अशी तिला भीती वाटली असावी. सासूबाईंना काय सांगायचं, ही भीती वेगळीच.

त्याच दिवशी ताईंना उशीर झाला. खिडकीपुढची रांग दारापर्यंत गेली होती. त्यांना काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी उसनी ओळ घेतली, सगळ्यांना ठाऊक असलेली. 'हेही दिवस जातील.' घाईघाईने लिहून त्या खिडकीत जाऊन बसल्या.

मित्रांनो, दुसऱ्या कुठल्याही भिंतीवर ही ओळ चालली असती. पण बाळंतपणाच्या दवाखान्यात 'दिवस' या शब्दाला एकच अर्थ. तिथे दिवस राहतात, दिवस भरतात, सातवा चालू आहे की आठवा ते बोटांवर मोजलं जातं; आणि ज्या घरातली दोन बाळं आधीच गेली, तिथे 'हेही जातील' म्हणजे हेही बाळ जाईल. सासूबाई डबा घेऊन आल्या. चष्मा विसरल्या होत्या, म्हणून अगदी जवळ येऊन एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागल्या. "हे... ही... दिवस... जातील." 'जातील'वर त्यांचं बोट थांबलं. डबा बाकावर ठेवला.

दुपारी पाच नंबरचं बाळ गेलं.

मग सासूबाईंनी व्हरांडा डोक्यावर घेतला. "दोन वेळचे दिवस वाया गेले माझ्या सुनेचे! आता हेही जातील म्हणून लिहिलं या बाईने, आणि बघा, गेले! जीभ काळी असते माहीत होतं, हिचा तर हातच काळा!" ताई खिडकीत उभ्या होत्या. बोटांना खडू तसाच लागलेला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "मला तसं म्हणायचं नव्हतं हो." ते कोणी ऐकलं नाही.

मोठ्या डॉक्टरांना काय, एका ओळीने बाळ जात नाही हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण गोंधळ मिटवायला कोणाला तरी गप्प बसवावं लागतं, आणि सासूबाईंपेक्षा ताई सोप्या होत्या. "उद्यापासून फक्त वेळा लिहायच्या," ते म्हणाले. "सुविचार बंद."

मला सगळं माहीत होतं. डाग आधीचा होता, ओळ नंतरची. पण कोणी माझ्यावर लिहिल्याशिवाय मला बोलता येत नाही. एवढं मोठं काळं तोंड देवाने दिलं आणि वाचा दुसऱ्याच्या हातात ठेवली. त्या दिवसाइतकी माझी मला चीड कधीच आली नाही.

दुसऱ्या सकाळी मावशी नेहमीसारखी घडी घातलेली चिठ्ठी घेऊन आल्या. ताईंनी ती घेतली, पण उघडली नाही.

"उघडा की ताई. पाच नंबरने दिलीय."

"नको मावशी. आत काय आहे ते उघडायच्या आधीच कळतं मला. आयुष्यभर तसलीच पाकिटं आलीत."

"अहो, पण..."

"ती मला शिव्या देत असेल, आणि बरोबरच आहे तिचं."

त्यांना ती चिठ्ठी वाचवेना आणि फेकवेनाही. त्या माझ्यापाशी आल्या आणि चिठ्ठी माझ्या पाठीमागच्या फटीत सरकवली. मग माझ्यावर वेळा लिहिल्या. दोन दिवसांनी पाच नंबरला घरी सोडलं. जाताना ती माझ्यासमोर थांबली. वरपासून खालपर्यंत मला वाचलं, कोपरेसुद्धा. 'तपासणी सकाळी दहा ते एक.' दुसरं काही नव्हतं. ती खिडकीकडे वळली, तर ताई पाठ करून कपाटात कुठली तरी फाईल शोधत होत्या. सासूबाईंनी हाक मारली आणि ती गेली.

त्यानंतर नऊ वर्षं ताईंनी माझ्यावर वेळा लिहिल्या. ओळ एकही नाही. पिशवीतली पाकिटं आधी कमी झाली, मग दिसेनाशी झाली. मला पुसताना कधी चिठ्ठीचा कोपरा बाहेर डोकावला तर त्या तो बोटाने आत ढकलत. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी भाषण केलं, "ताईंनी कधी तक्रारीला जागा दिली नाही." टाळ्या वाजल्या. जाताना ताईंनी शेवटचं एकदा चिठ्ठी आत ढकलली.

पुढे भिंतीवर टीव्हीचा पडदा आला. त्यावर दिवसभर सूर्य उगवतो आणि खाली अक्षरं सरकतात, 'सकारात्मक राहा, आनंदी राहा.' त्याच्यासमोर बाकावर बायका रडत बसलेल्या असतात. खिडकीजवळचा बाक रिकामा आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात रंगाऱ्याने मला खाली उतरवलं. माझ्या पाठीमागून पिवळी पडलेली चिठ्ठी खाली पडली. त्याने ती खिडकीवरच्या नव्या मॅडमना वाचून दाखवली. इतकी वर्षं जी पाठीवर वाहिली, ती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

'ताई, मला पहाटेपासूनच त्रास होत होता. तुम्ही आलाही नव्हता. घाबरून कोणाला सांगितलं नाही, आणि आता सासूबाईंसमोर तोंड उघडत नाही. मला माफ करा. तुमची ओळ मी नंतर वाचली. ती बाळाबद्दल नव्हती, माझ्याबद्दल होती, हे मला कळलं. पास. डॉक्टर नको म्हणाले तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ लिहा. परवा मला सोडणार आहेत. जाताना बघेन.'

"कोण हो या ताई?" रंगाऱ्याने विचारलं.

"माझ्या आधी होत्या त्या. इथेच मागच्या गल्लीत राहतात, पिठाच्या गिरणीच्या वर."

"देऊ का नेऊन?"

"जाऊ द्या हो. एवढ्या वर्षांनी कशाला उगाच जुनं उकरायचं?"

रंगाऱ्याने थोडा विचार केला आणि चिठ्ठीला ब्रश पुसला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. मला पुसा, मला रंगवा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. प्लायवुडच ते, आज ना उद्या चुलीत जाईल. कोणी तुम्हाला चिठ्ठी दिली तर ती उघडून वाचा, आत काय आहे ते आधीच ठरवू नका, एवढं सांगतो.

आणि एक काम करा. तुमच्यापैकी कोणी त्या मागच्या गल्लीतून जात असेल, तर गिरणीच्या वरचं दार वाजवा. चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेली बाई दार उघडेल. तिला सांगा, पाच नंबरने तिची ओळ पास केली होती.