ओढ्यातलं नरसाळं

जुन्या लुगड्यांची जाड वाकळ नरसाळ्यातून निघत नव्हती. नागेंद्र कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तिचं टोक ओढत होता आणि पलीकडून शेजारचा गुंडू पहारीनं तिला ढोसत होता. वरच्या अंगाला दगड-माती टाकून पाणी बाजूला वळवलं होतं, तरी भिजलेली वाकळ मेलेल्या रेडकासारखी जड झाली होती. नागेंद्रच्या आईला, रुक्माबाईंना, मघाच काठावर घेतलं होतं. त्यांच्या कमरेची दोरी विळ्यानं कापावी लागली होती.

"सोड आता," गुंडू म्हणाला. "पोलीस येऊ देत."

"आईची हाय ती."

 गुंडूनं पुन्हा पहार घातली. एक हिसका बसला आणि वाकळीचा एक पदर बाहेर आला. त्यावर निळं ठिगळ होतं, नागेंद्रच्या शाळेच्या चड्डीचं.

कणकुंबीच्या रानातलं हे गाव. पावसाळ्यात एक झाड तारेवर पडलं की आठवडा आठवडा वीज नसायची. बेळगावच्या कॉलेजात शिकवणाऱ्या नागेंद्रनं त्यावर उपाय काढला. बंधारा नको, पंप नको, डिझेल नको. ओढ्यात वीज करणारं चाक बसवायचं आणि त्याच्यापुढं पत्र्याचं भलंमोठं नरसाळं, तोंड रुंद आणि गळा अरुंद. तेवढंच पाणी अरुंद गळ्यातून जायचं म्हणजे त्याला पळावंच लागतं, आणि पळतं पाणी चाकाला गरगरा फिरवतं. गावाला हे पटवताना त्यानं आईलाच पुढं केलं होतं. अंगणात पाणी मारताना ती नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धार थेट तुळशीपर्यंत न्यायची. "बघा, एवढंच हाय हे," तो म्हणाला होता, आणि आई स्वतःच्या अंगठ्याकडं बघून लाजली होती. तेव्हापासून गावात दिवे होते, शाळेत पंखा होता, आणि आईची मान ताठ होती.

नरसाळ्याच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. नागेंद्रनंच बसवलेली. पण जाळीला पाला चिकटायचा, पाणी अडायचं, दिवे मिणमिणायचे. मागच्या आठवड्यात बेळगावहून साहेब लोक बघायला आले, तेव्हा त्यांच्यापुढं नाचक्की नको म्हणून त्यानं जाळी काढली. एक बाजू वडिलांनी, मारुतीरावांनी धरली आणि बापलेकांनी ती गोठ्यात नेऊन टेकवली. मीटरचा काटा सांगितल्यापेक्षाही पुढं गेला. साहेबांनी पाठ थोपटली. रविवारी येऊन बसवू म्हणून तो बेळगावला निघून गेला. मधल्या दिवसांत नरसाळ्यात कोण उतरायला बसलंय!

घट बसायला आलेत, हे आज सकाळी गावातून फोन येईपर्यंत त्याच्या ध्यानातच नव्हतं.

घट बसायच्या आधी इथल्या बायका घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण ओढ्यावर नेतात. ओली वाकळ हाताला आवरत नाही. म्हणून तिच्या कोपऱ्याला दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक कमरेला, आणि वाकळ पाण्यात सोडून द्यायची. साबण काढायचं काम ओढाच करतो. धुण्याचा दगड नरसाळ्याच्या जरा वर होता, पण या गरीब ओढ्यानं आजवर कुणाची चिंधीसुद्धा पळवली नव्हती. लहानपणी आईच्या वाकळीचा दुसरा कोपरा धरायला नागेंद्र असायचा. धरायचं निमित्त, खरं तर डुंबायला. त्यानं हे विसरावं!

जाळी असती तर वाकळ जाळीला चिकटली असती आणि आई चार शिव्या हासडत बाहेर आली असती.

खानापूरहून हवालदार आला. तो नरसाळ्याच्या तोंडाशी वाकून बघत राहिला. काहीतरी कानडीत पुटपुटला, मग मराठीत विचारलं, "ह्याला जाळी-बिळी काय न्हवती?"

नागेंद्र वाकळ काठावर टाकून उभा राहिला. 'मीच काढली' हे ओठांपर्यंत आलं होतं.

"हुती की," धुण्याच्या दगडावर बसलेले मारुतीराव म्हणाले. "तिनंच काढली. पाला अडकतोय, लाईट बारीक हुतीया म्हणून. पोराच्या दिव्याचं लई कौतुक हुतं तिला."

"तुमी बघितलाय?"

"व्हय. माझ्या डोळ्यांदेखत."

जन्मभर डेअरीला दूध घातलं, पण त्यात पाण्याचा थेंब पडू दिला नाही असा हा माणूस. त्याच्या आवाजात कंपसुद्धा नव्हता.

"आबा..."

"तू गप. तू बेळगावात हुतास."

हवालदार फोन करायला बाजूला गेला. मारुतीराव उठले, पोराच्या जवळ आले, आणि त्याच्या ओल्या खांद्यावरचा पाला काढत हळू म्हणाले, "गेलेल्या माणसाला तुरुंग नसतोय, नागू. हाईत त्यास्नी असतोय."

नागेंद्रला सुटल्यासारखं वाटलं. त्याची त्याला किळस आली, पण वाटलं ते वाटलंच.

आईला पोस्टमॉर्टेमसाठी खानापूरला दवाखान्यात नेलं. परत आणेपर्यंत दिवस कलणार, अंगणात माणसं जमणार, उजेड लागणार. म्हणून गुंडूनं ओढ्यातले दगड काढले. पाणी पुन्हा नरसाळ्यात शिरलं आणि अंगणातला दिवा लागला. जाळी नव्हती, पाल्याची अडचण नव्हती. दिवा लख्ख पेटला होता.

त्या उजेडात बायका गाडीची वाट बघत बसल्या होत्या. भिंतीला टेकून मारुतीराव बसले होते. वाकळ कुणीतरी कुंपणावर टाकली होती, तिचं पाणी अजून निथळत होतं.

"सोन्यासारखं पोर जाळी लावून देतंय," एकजण म्हणाली, "आणि ही बया ती काढून ठेवतीया."

"हट्टीच लई. कधी कुणाचं ऐकलंय तिनं?"

"आपल्या हातानं वडवून घेतलं गं मरण."

नागेंद्र उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. आईनं जाळीला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. गोठा चार पावलांवर होता. तिथं जाऊन जाळी बाहेर आणली असती आणि सगळ्यांसमोर ठेवली असती, तरी पुरे झालं असतं. आबांनी मान वर केली होती. ते त्याच्याकडंच बघत होते.

गुंडूची बायको मंगल आईची जिवाची मैत्रीण. दोघी नेहमी बरोबर धुवायला जायच्या. आज तिला ताप होता म्हणून गेली नव्हती. तिला ते बोलणं सहन होईना. डोळ्याला पदर लावत ती नागेंद्रकडं वळली.

"नागू, खरं सांग. जाळीला हात लावू नको म्हणून तू कधी बजावलं हुतंस का तिला? तिला कुणी सांगितलंच नसंल."

बायका उंबऱ्याकडं बघू लागल्या.

"सांगितलं हुतं," नागेंद्र म्हणाला.

मारुतीराव दुपारपासून रडले नव्हते. ते आता रडले.