बेसमेंटमधला खोकला

मित्रांनो, मी एक जुना बेबी मॉनिटर आहे. माझे भाग दोन. एक ऐकणारा, तो बाळाच्या पाळण्यापाशी ठेवायचा. दुसरा बोलणारा, तो आईजवळ. बाळ कुरकुरलं की आईला दुसऱ्या खोलीत कळतं. माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला आणि २००३च्या हिवाळ्यात मी अमेरिकेतल्या पिस्कॅटवेला चारुताच्या घरी आलो. "काय कामाची वस्तू आहे!" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी अगदी फुलून जायचो.

त्याच सुमारास पूर्वेकडच्या देशांत सार्स नावाचा नवा आजार पसरला. नेमका तेव्हाच चारुताचा नवरा देवदत्त कंपनीच्या कामाने सिंगापूरला गेलेला. घरात तान्हं बाळ, बारसं तोंडावर आलेलं. पाहुण्यांचे फोन येऊ लागले, "या वीकेंडला जमत नाही गं." मैत्रीण रेणू तर माझ्या पाठीवरचा शिक्का वाचून दचकलीच. "हासुद्धा तिकडचाच! फेकून दे, चारुता." माझी रवानगी कपाटात, डायपरच्या ढिगामागे झाली.

मला बाहेर काढलं पद्मिनीकाकूंनी. काकू रिटायर्ड डॉक्टर. "अगं, हा आजार खोकल्याशिंकेच्या थेंबांतून पसरतो. कधीच कारखान्यातून निघालेल्या प्लास्टिकला काय घाबरतेस? हात धुवा, रोज ताप बघा. देवदत्त आला की दहा दिवस त्याला बेसमेंटमध्ये राहू दे, बाळापासून लांब."

तसंच झालं. चारुता जेवणाचं ताट जिन्यावर ठेवून मागे सरायची. त्याला काही लागलं तर कळावं म्हणून माझा ऐकणारा भाग त्याच्या उशाशी गेला, बोलणारा वर किचनमध्ये. "मी एकदम ठणठणीत," देवदत्त सांगायचा. पण खोकल्याची उबळ येतेय असं वाटलं की त्याचा हात आधी माझ्या बटणाकडे जायचा.

एका दुपारी तो बटण बंद करायला विसरला. फोनवर मित्राला म्हणाला, "ताप आहे यार, प्रताप. चारुताला सांगू नकोस. बाहेर कळलं तर बारशाला कुत्रं फिरकणार नाही. जॉबचंही काय होईल कुणास ठाऊक."

पोळी लाटता लाटता चारुताचा हात थांबला. ती जिन्याच्या दारात धावली. "अरे, ताप येणं हा काय गुन्हा आहे? लपवतोस काय!"

खालून तो म्हणाला, "काकूंना फोन कर."

काकूंनी हॉस्पिटलला आधी कळवलं, मगच देवदत्त मास्क लावून निघाला. बेसमेंट रिकामं होतं, तरी चारुताने मला बंद केलं नाही. बाळाला घट्ट धरून ती माझ्याजवळ बसून राहिली.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "फ्लू निघाला गं! साधा फ्लू!"

चारुता तिथेच फरशीवर बसली आणि हसता हसता रडू लागली. ताप पुरता उतरल्यावरच देवदत्त वर आला, कोपरापर्यंत हात धुतले आणि बाळाला उचललं. बारसं जरा उशिरा झालं, पण थाटात झालं. रेणू सगळ्यांच्या आधी आली. "चुकलंच माझं," म्हणाली, आणि पाळण्याची दोरी तिनेच धरली. बाळाचं नाव हिमानी ठेवलं.

आता हिमानी मोठी झाली आहे आणि मी गराजमधल्या खोक्यात असतो. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. नवा आजार आला तर जाणत्या माणसाला विचारा, हात धुवा. आणि घरात कुणाला ताप आला, तर तो सांगायची त्याला भीती वाटेल असं वागू नका.