पन्हाळ्याचा उतार आणि नालेची कडी

मी एक जुनी सायकल आहे. मित्रांनो, जुनी घड्याळे, जुन्या छत्र्या आणि म्हातारे बैल तुम्हाला आपली कहाणी सांगतात, तेव्हा शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळे होतात. मी त्यांच्यातली नाही. मी एका माणसावर डूख धरला होता. माझ्या नळ्यांवर गंज चढला, घंटेचे निकेल उडाले, पण तो डूख अजून जसाच्या तसा आहे. कहाणी ऐकायची असेल तर हे आधी समजून घ्या.

हल्लीचे महाराज गादीवर येऊन थोडी वर्षे झाली होती, तेव्हा मी विलायतेहून बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने कोल्हापुरात आले. शिवाजी पेठेतल्या सयाजीरावांनी मला मागवले होते. राव म्हणजे इनामाची शेती, पागेत दोन घोडी आणि ओठांवर वळणदार मिशा. त्यांनी मोठ्या थाटात माझी पेटी फोडली. आत चाके वेगळी, हँडल वेगळे, साखळी वेगळी! कशात काय बसवायचे ते कुणालाच कळेना. शेवटी वाहन आहे म्हणून त्यांनी आपल्या घोड्यांच्या नालबंदाला बोलावले.

त्या नालबंदाचे नाव दिलदार. तो आला, माझ्याभोवती फिरला आणि डोके खाजवून म्हणाला, "सरकार, ह्याला नाल कुठं मारू?"

सगळी पेठ हसली. दिलदारही हसला, मग मांडी घालून बसला. त्याने दोनदा मला उलटी जोडली, एकदा साखळीत बोट चेमटवून घेतले, पण दिवस मावळायच्या आत मला उभी केली. तेलाचा पहिला थेंब त्याच्याच हातून माझ्या अंगात गेला. कामाला हात लावताना तो मला "बाई" म्हणायचा. "बाई, जरा कड घे. बाई, आता फिर." इतक्या मायेने माझ्याशी त्या घरात दुसरे कुणीही बोलले नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. आम्ही मुरमाच्या रस्त्याने लांब लांब जायचो. तुम्हाला वाटत असेल, रस्ता म्हणजे सपाट. अहो, बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत माझे बारीक चाक एकदा अडकले की वर निघता निघत नसे. खडीवर अंग खिळखिळे होई आणि फुफाट्यात चाक रुते. तरी मला ती वाट आवडायची. उसाच्या फडांतून माणसे धावत बांधावर यायची आणि विचारायची, "पावणं, ह्यो घोडा खातो काय?" राव ऐटीत सांगायचे, "त्याल पितो."

नृसिंहवाडीला आम्ही नावेतून नदी ओलांडली, तेव्हा दत्ताच्या दर्शनाला आलेल्या बायांनी माझ्याही पाया पडून घेतले. खिद्रापूरच्या देवळात भिंतीच्या तळाशी दगडी हत्तींची रांग आहे. सगळे देऊळ पाठीवर घेऊन ते हत्ती उभे आहेत, कुणाची सोंड तुटली आहे, कुणाचा दात. रावांनी मला त्यातल्या एका तुटक्या सोंडेच्या हत्तीला टेकवून ठेवले. ज्याला कुणी विचारत नाही आणि तरी ज्याच्या पाठीवर सगळे उभे असते, असा तो हत्ती मला फार जवळचा वाटला.

पण रावांचा खरा जीव पन्हाळ्यावर. गडावर पाहुणे न्यायचे, तीन दरवाजा दाखवायचा आणि सज्जा कोठीत उभे राहून जुन्या वेढ्याची हकिकत अशी सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावे, तो वेढा यांनीच फोडला.

आता गडाच्या उताराविषयी सांगते, कारण माझ्या रागाचे मूळ तिथेच आहे. मी जुन्या घडणीची. माझे चाक फिरले की पायडल फिरायचेच, थांबायचे नाव नाही. उताराला पाय उचलून पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या खुंट्यांवर ठेवावे लागत. ब्रेक एकच, तोही रबराचा एक तुकडा, पुढच्या टायरवर घासणारा. एवढ्यावर पन्हाळा उतरणे म्हणजे जिवाशी खेळ होता. म्हणून दिलदारने एक युक्ती काढली. घोड्याची जुनी नाल तापवून, ठोकून त्याने एक कडी घडवली आणि लोखंडी पट्टीने माझ्या बैठकीखाली बसवली. नालेला खिळ्यांची भोके असतात, त्यातले एक भोक बुजवायचे राहून गेले. "राहू दे, वळख हाय माझी," तो म्हणाला. त्या कडीला दोर बांधायचा, दोराला करवंदीचे मोठे झुडूप, आणि ते झुडूप फरफटत हळूहळू खाली यायचे. झुडूप मागे खेचून धरते आणि सायकल उधळत नाही.

राव एकटे असले की निमूट झुडूप बांधायचे. पण एका वैशाखात गडावर मोठमोठे पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर झुडूप ओढत उतरायचे म्हणजे जळण गोळा करणाऱ्या बाईसारखे दिसणार! रावांना लाज वाटली. त्यांनी कडीला दोरच लावला नाही. मिशीवर ताव देऊन, पाहुण्यांना हात करून ते तसेच निघाले.

दुसऱ्या वळणावर मी त्यांच्या हातात राहिले नाही. कशी राहणार? टायरवर रबर जळून वास सुटला, चाक चाकोरीत शिरले आणि आम्ही दोघे करवंदीच्या जाळीत गेलो. रावांचा हात मोडला. माझा चिमटा वाकला.

इथपर्यंत मी त्यांना माफही केले असते. पण पुढे काय केले ऐका. पाहुण्यांचे टांगे अजून वर होते. राव उठले, धड हातात दगड घेतला आणि पट्टी ठोकून ठोकून दिलदारची कडी माझ्या अंगातून उचकटून काढली. मग ती जाळीत लांब भिरकावली. टांगे येऊन पोहोचले तेव्हा ते कण्हत म्हणाले, "झुडूप बांधलं हुतं. नालबंदाची कडी तुटली."

मित्रांनो, मला घंटा आहे, पण जीभ नाही. त्या दिवशी ती असती तर!

ज्याचे लोखंड तुटते, त्याच्याकडे आपला घोडा कोण नेणार? पेठेत बोभाटा झाला. आधी सरदारांची घोडी बंद झाली, मग गाडीवानांचे बैल. तालमीच्या कट्ट्यावर पोरे दिलदारला बघून "कडी, कडी" म्हणून ओरडू लागली. दिलदार रावांच्या दारात आला, हात जोडून एवढेच म्हणाला, "सरकार, तुटलेली कडी तेवढी दावा. कुठं चुकलो ते तरी कळंल." राव म्हणाले, "रानात पडली, कोण हुडकत बसतंय?" मी तिथेच भिंतीला उभी होते. दिलदारने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. माझ्यावरही त्याचा विश्वास राहिला नसेल, असे मला वाटले. ते मला चिमटा वाकण्यापेक्षा जास्त लागले.

दिलदार आणि त्याची बायको कुलसुम पेठ सोडून उचगावला गेली. मला पागेच्या गळक्या कोपऱ्यात टाकले. कोंबड्या हँडलवर बसत, उंदरांनी ब्रेकचे रबर कुरतडले. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मला बाहेर काढत. तलवारी, भाले, कुऱ्हाडी यांच्या ओळीत मलाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळे. मग सयाजीराव पाहुण्यांना पन्हाळ्याची तीच हकिकत सांगत. दर वर्षी उतार आणखी तीव्र होई, राव आणखी शूर होत आणि कडी आणखी कच्ची होई. मी माळ घालून सगळे ऐकत असे. मनात एकच घोकत असे, की एकदा, फक्त एकदा, या माणसाने माझ्यावर बसून पन्हाळा उतरावा. दुसऱ्या वळणावर मी त्याला असा फेकीन, की पुन्हा उठणार नाही.

पुढचे मला कुलसुमने सांगितले. आजही ती ते येईल त्याला सांगते.

पेठेतले काम गेल्यावर दिलदार आठवडी बाजार फिरू लागला. गडाच्या पायथ्याच्या बाजारात चिमणाबाई नावाची म्हातारी आपला बैल घेऊन आली. ती करवंदे विकणारी, सारा डोंगर तिच्या पायाखालचा. दिलदार खुराला नाल ठोकत होता आणि कुलसुमने बैलाचे दावे धरले होते. दाव्याला एक कडी होती. कडीला एक भोक होते.

"आक्का, ही कुठली?" कुलसुमने विचारले.

"ही व्हय? एक मिशाळ पावणा पायगाडीवरनं जाळीत पडलाता. त्यानंच धोंड्यानं ठोकून काढली नि भिरकावली. मी करवंदं तोडत बसलेली. चांगली कडी, टाकायची कशाला? आणली."

दिलदारच्या हातातला हातोडा थांबला. तो म्हणाला, "जाऊ दे. लई दिस झालं त्याला."

"तुमी जाऊ द्या," कुलसुम म्हणाली. "मी न्हाय जाऊ देत."

खंडेनवमीला रावांचे घर पाहुण्यांनी भरले होते. हकिकत अगदी रंगात आली असताना कुलसुम आणि चिमणाबाई अंगणात आल्या. मागे दिलदार संकोचून उभा. कुलसुमने पदरातून कडी काढली आणि तलवारींच्या ओळीत ठेवली.

"सरकार, ही बी पुजा. लोखंडच हाय."

"काय हाय हे?"

"तुटल्याली कडी. कुठं तुटलीया तेवढं दावा."

कडी हातोहात फिरली. चहूबाजूंनी अखंड. चिमणाबाईने पाहिलेले सगळे सांगून टाकले. रावांचा चेहरा उतरला, पण ते मागे हटणारे नव्हते. "रानातली बाई, काय बी बरळंल," ते म्हणाले.

"मग तिचं ऱ्हाऊ द्या. कडीलाच इचारू की," कुलसुम म्हणाली. "येत्या बाजारादिवशी ह्याच गाडीवर, हीच कडी लावून, झुडूप बांधून पन्हाळा उतरा. कडी तुटली तर आमचं मालक जन्मात हातोडा धरणार न्हाईत. न्हाय तुटली, तर गाडी आमची, आनि खरं काय ते चारचौघांत तुमच्याच तोंडानं सांगायचं."

 मग एका पाहुण्याने हळूच विचारले, "काय राव, भ्यालासा काय?" त्यावर सयाजीरावांना मिशीवर हात नेऊन पैज घ्यावीच लागली.

दिलदारने मला उचगावला नेले. चिमटा सरळ केला, साखळीचा गंज खरवडला, कडी पुन्हा जागेवर बसवली. ब्रेकला नवे रबर तेवढे मिळाले नाही. इतक्या वर्षांनी तेल अंगात गेले तेव्हा मला रडता येत असते, तर मी रडले असते. पण माझे मन रागाने भरले होते. मला फक्त ते दुसरे वळण दिसत होते.

बाजाराचा दिवस उजाडला. वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसे. रावांनीच सगळ्यात मोठे झुडूप मागितले, म्हणजे कडी लवकर तुटेल! त्यांनी खुंट्यांवर पाय ठेवले आणि आम्ही निघालो.

कडीला झटका बसला. माझे सगळे अंग मागे ताणले गेले. झुडूप मुरमावरून खरखरत येत होते, पांढऱ्या फुफाट्याचा लोट उठत होता आणि त्या लोटात रावांच्या मिशा पिठाच्या झाल्या होत्या. बाया हसून हसून बांधावर बसल्या. पोरे मागे धावत ओरडत होती, "सरपण आलं, सरपण आलं! ओ पावणं, मोळी कशी दिली?" ज्या लाजेपायी या माणसाने एका कारागिराचे तोंडचे अन्न काढले होते, ती सगळी लाज आज त्याच्या मागे फरफटत होती.

मग दुसरे वळण आले.

ती चाकोरी तिथेच होती. ती जाळीही तिथेच होती. ब्रेकचे रबर उंदरांनी खाल्लेले. चाक बोटभर आत घातले की संपले. इतकी वर्षे मी ज्याची वाट पाहिली, ते अगदी पुढ्यात होते.

आणि बैठकीखाली कडी ताणून धरत होती. मी रावांना पाडले, तर लोक काय म्हणणार? पुन्हा तेच म्हणणार, नालबंदाच्या लोखंडाने दगा दिला. माझा सूड पुरा होईल आणि दिलदारचे नाव कायमचे जाईल. मला सयाजीरावांचा इतका राग कधीच आला नव्हता. ज्याला फेकायचे, त्यालाच सांभाळायची वेळ आली होती! मी दात ओठ खाल्ले असते, पण मला ते नाहीत. मी चाक चाकोरीच्या कडेने धरले आणि दुसऱ्या कशालाही जपले नाही इतके त्या माणसाला जपून वळणापार नेले. गडाच्या पायथ्याशी आणून त्याला अलगद उभा केला. अंगावर ओरखडा नाही.

धडधाकट हातपाय घेऊन, धुळीने माखून, सगळ्या बाजारासमोर राव उभे राहिले. दिलदारने कडी धरून हिसका दिला. ती हललीसुद्धा नाही.

"बोला की, सरकार," कुलसुम म्हणाली.

रावांनी खाली बघून सांगितले, "कडी तुटली न्हवती. मीच काढली हुती. झुडूप बी बांधलं न्हवतं."

पडून हात मोडला असता तर लोकांनी त्यांना पाहायला जाऊन दूधफळे दिली असती. आता कुणी काहीच दिले नाही. फक्त चिमणाबाई पुढे झाली आणि म्हणाली, "ह्ये झुडूप मी न्यू काय? चुलीला हुईल." त्यावर उठलेल्या हशाने सारा बाजार हलला.

तेव्हापासून मी दिलदारची. पुढच्या नळीला नाल-खिळ्यांची पिशवी अडकवून तो गावोगाव फिरतो. पेठेतली घोडीही परत आली. खिद्रापूरकडे नाल मारायला बैल असले की मी त्या तुटक्या सोंडेच्या हत्तीला भेटून येते. आता माझी चाके डगडगतात, नळ्या कुरकुरतात, आणि मी फार दिवस चालेन असे मला वाटत नाही.

मित्रांनो, वस्तूंना वेळेवर तेल घाला, पावसात टाकू नका, आणि एखादी मोडली तर कुणी मोडली ते खरे सांगा. आम्ही सगळे बघत असतो.

एकच गाऱ्हाणे राहिले आहे. सयाजीरावांच्या दारासमोर रस्त्यात एक खड्डा आहे. तिथून जाताना माझी घंटा आपोआप वाजते. राव सोप्यात बसलेले असले तर उठून आत जातात. दिलदार म्हणतो, घंटेचा स्क्रू सैल झालाय, आवळायला पाहिजे. त्याने माझी सगळी निगा राखावी. साखळीला तेल घालावे, चाकांना हवा भरावी. तेवढा तो स्क्रू मात्र कुणी आवळू नका.