लॉरेल फोर्कच्या गाड्यांना वाचा फुटली

आमच्या लॉरेल फोर्क गावच्या मैदानात एकाच वेळी अठरा गाड्या कानठळ्या बसवत सुरू झाल्या आणि समोरच्या डोंगरावरचे कावळे उडाले. एरवी आपल्या गाडीनं असा आवाज केला असता तर कुणीही शिवी हासडली असती. त्या रविवारी दुपारी मात्र माणसं टपांवर हात ठेवून रडत होती, टाळ्या वाजवत होती.

प्रार्थनासभेच्या तंबूच्या दारात धर्मोपदेशक ब्रदर क्रेस उभे होते. पांढरा सूट, गळ्यात घामानं भिजलेला रुमाल.

"सकाळी मी काय म्हणालो होतो?"

"लोखंड बोलेल," गर्दी म्हणाली.

"आणि काय झालं?"

"बोललं, ब्रदर, बोललं."

"आता नीट ऐका. आत्मा लोखंडात उतरलाय. सात दिवस गाडीखाली वाकून बघायचं नाही. गॅरेजवाल्याला दाखवायचं नाही. देवाची परीक्षा घ्यायची नसते. आणि समोर पिवळा दिवा लागला असेल, तर घाबरू नका. तो अभिषेकाचा दिवा आहे."

"इंजिन तपासून घ्या, असं सांगणारा दिवा आहे तो," मी हळूच म्हणाले.

"नेल, तू शाळेत पोरांचे मार्क काप," वर्लीन म्हणाली. "इथे नको."

वर्लीन माझी शेजारीण. तिच्याच व्हॅनमधून मी आले होते. परत जाताना आवाज इतका होता की मी तिसऱ्यांदा "सायलेन्सर" म्हणाले ते तिला ऐकूच गेलं नाही. मी खिडकी उघडली आणि गप्प बसले. केमिस्ट्री शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईनं त्याच दिवशी खाली वाकून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही, कारण मैत्रिणीशी भांडायचं नव्हतं.

बुधवारपर्यंत गावभर लोक कृपेच्या साक्षी देऊ लागले. गाडीत बसलं की डोकं हलकं होतं, डोळ्यांत पाणी येतं, पाय जमिनीवर राहत नाहीत. सगळ्यांचं एकच मत: आत्म्याचा स्पर्श. इंजिनाच्या गर्जनेत भजनं ऐकू यावीत म्हणून लोक काचा घट्ट लावून फिरत होते.

वर्लीनची मुलगी टेसा सातव्या महिन्यात होती. दवाखाना चाळीस मिनिटांवर, आणि ती आईच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर पाय पसरून जायची. बुधवारी संध्याकाळी ती माझ्याकडे मक्याचा ब्रेड घेऊन आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी.

"बाई, आई म्हणते मला फार मोठा आशीर्वाद मिळालाय. आज मी जाता-येता झोपूनच गेले. डोकं मात्र भयंकर दुखतं."

"कधी थांबतं?"

"घरी आल्यावर तासाभरात."

ब्रेड ओट्यावर ठेवून मी भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म काढला. हवेत वायू किती, त्याचा आकडा दाखवणारा आहे. वर्लीनच्या अंगणात तो मी व्हॅनच्या मागच्या सीटवर ठेवला, इंजिन सुरू केलं, काचा लावल्या आणि बाहेर उभी राहिले. आत कुणी नव्हतं.

शून्य. मग तीस. मग नव्वद.

"तुझं यंत्र बिघडलंय," वर्लीन म्हणाली.

मी ते काढून मोकळ्या हवेत शून्यावर येऊ दिलं आणि माझ्या गाडीत ठेवलं. दहा मिनिटं शून्य. पुन्हा व्हॅनमध्ये. एकशे साठच्या पुढे ते किंचाळायला लागलं. वर्लीननं काचेतून आकडा पाहिला, मग टेसाच्या पोटाकडे पाहिलं. व्हॅन बंद करून तिनं किल्ली माझ्या हातात दिली.

"बोलाव एस्टेलला."

एस्टेल गावचा मेकॅनिक. तो टॉर्च घेऊन खाली सरकला आणि लगेच बाहेर आला.

"करवतीनं कापलंय. दोन्हीकडे चकाकतंय. धुरातलं विष मारणारा डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गेला. उरलेला पाइप व्हॅनच्या गंजलेल्या तळाला पडलेल्या भोकाखालीच धूर सोडतोय. मला रविवारीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो. बायको म्हणाली, तुला देवाचा आवाज आणि पाइपाचा आवाज यातला फरक कळत नाही. मग मलाही दोन्ही सारखेच वाटायला लागले."

टेसाला आम्ही माझ्या गाडीतून दवाखान्यात नेलं. रात्रभर ऑक्सिजन दिला. बाळाचे ठोके चांगले होते. डॉक्टर म्हणाले, अशा आणखी दोन फेऱ्या झाल्या असत्या तर कदाचित हे सांगता आलं नसतं.

वर्लीननं शेरीफच्या पोलीस कचेरीत तक्रार दिली. शेरीफचा माणूस मात्र डोकं खाजवत म्हणाला, "बाई, तक्रार एकटीची. बाकी सतरा जण म्हणतात चोरी नाही, कृपा झाली. ज्यांचं गेलं तेच म्हणतात मिळालं. मी पकडू कुणाला? करवत हातात असताना सापडला तर बघू."

पुढच्या रविवारी शेजारच्या जिल्ह्यातून नव्या लोकांच्या गाड्या आल्या. पिवळी जॅकेटं घातलेले दोघे सेवक त्या लावून घेत होते, बायका त्यांना गोड चहा नेऊन देत होत्या. शेरीफचा माणूस कुंपणापाशी उभा राहिला. आत क्रेसनी सांगितलं, आज पुन्हा लोखंड बोलेल. आता डोळे मिटा, हात वर करा, पाऊण तास कुणी बाहेर जाणार नाही. मग ढोल सुरू झाला. छातीत धडधडावं इतका.

वर्लीन गायकांच्या रांगेत होती. गाणं टिपेला पोहोचल्यावर ती शांतपणे चालत गेली, पायानं स्पीकरची वायर उपटली आणि ढोलावर दोन्ही हात पसरून ठेवले.

तंबूत शांतता पसरली. बाहेरून आवाज आला: घर्रर्र. घर्रर्र. खण्.

तीनशे माणसांनी डोळे उघडले. कडेचा पडदा उचलला, तर एका पिकअपखालून दोन बूट बाहेर आलेले.

"हा आत्मा आहे, बंधूंनो," क्रेस म्हणाले.

"नऊ नंबरचे बूट घालतो वाटतं," एस्टेल म्हणाला.

शेरीफच्या माणसाला करवत हातात असलेला सेवक सापडला. सेवकांच्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली गाड्यांचे कापलेले डबे रचलेले होते. एक कापलेला डबा मी सर्वांना आतून दाखवला: मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइडचं ती कार्बन डायऑक्साइड करते. त्या धातूंसाठीच चोर ती कापतात. डबा नसला की गाडी गरजते. भविष्य सांगायला क्रेसना देवाची गरज नव्हती, करवत पुरेशी होती.

म्हणून विनंती एवढीच. कुणी चमत्कार आधीच सांगितला, तर तो त्याला स्वतःच्या हातानं घडवता येईल का, हे पाहा. आणि गाडीत डोकं जड झालं, तर आधी खिडकी उघडा, मग उतरून कारण शोधा. प्रार्थना करायची असेल तर जरूर करा. ती खिडकी उघडी ठेवूनही करता येते.